तळ्यात-मळ्यातला ऑक्टोबर

दसरा होऊन गेलेला असतो आणि दिवाळी अजून दारात आलेली नसते, त्या मधल्या दिवसांना आपल्याकडे धड नाव नाही. पाऊस गेला म्हणावं तर दुपारी आभाळ गच्च भरून येतं आणि एक थेंब न सांडता निघून जातं. थंडी आली म्हणावं तर मानेवरून घामाची धार लागलेली. मीरा रोडच्या बेव्हर्ली पार्कातल्या आमच्या गॅलरीत वाळत घातलेले कपडे सकाळी दमट, दुपारी पापडासारखे कडक आणि संध्याकाळी परत दमट. घडी घालू की राहू देऊ, हे रोज ठरवता येत नाही. बाकीचे लोक या दिवसांना ऑक्टोबर हीट म्हणतात. आमच्या प्रयोगशाळेत त्याला नुसतं ‘सीझन’ म्हणतात. आंब्यांचा असतो, लग्नांचा असतो, तसा हा आमचा. ताप, जुलाब, कावीळ, सगळं एकदम पिकतं.

यंदाही तो आलाय. सकाळी बर्फाच्या पेट्या येऊन पडतात. झाकण उघडलं की गार वाफेबरोबर ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो. आत पाण्याच्या बाटल्या, त्यांच्या तोंडावर तपकिरी कागदाच्या टोप्या आणि त्यांना बांधलेला पांढरा दोरा. लहान बाळांना थंडीत बांधतात तशा. दुसऱ्या पेटीत रक्ताच्या नळ्या उभ्या. मी हातमोजे चढवते, चष्मा नाकावर सरकवते आणि मनातल्या मनात म्हणते, या, बसा, बघूया तुमच्या पोटात काय आहे.

मी सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे, हे सांगितलं की लोकांना वाटतं, शुगर-कोलेस्टेरॉलवाली. समोरच्या फ्लॅटमधल्या शहाबेन मला आजही विचारतात, “आपके यहाँ थायरॉईड का कितना लेते हैं?” मी त्यांना सांगून थकले की आमच्याकडे एकेकटं माणूस कमी आणि गल्ल्या, वाड्या, टाक्या, विहिरी जास्त तपासतात. एका घरात जुलाब झाले तर डॉक्टर औषध देतो. दहा घरांत झाले तर पेटी आमच्याकडे येते. मग आम्ही सांगायचं, कशामुळे. निदान तसा समज आहे. माझाही होता.

आणि पाण्याची परीक्षा तशी आहेच सोपी. जांभळ्या रसाच्या काचेच्या नळ्या असतात, प्रत्येकीत एक इवलीशी नळी उपडी घातलेली. त्यात विहिरीचं पाणी घालायचं आणि उबेत ठेवून द्यायचं. पाण्यात विष्ठेतले जंतू असले तर जांभळ्याचं पिवळं होतं आणि त्या उपड्या नळीत हवेचा बुडबुडा अडकतो. नसले तर जांभळं ते जांभळंच. इतकं सरळ माझ्या आयुष्यात दुसरं काही नाही. नवऱ्याला संध्याकाळी चहा हवाय की नको, हेसुद्धा मला इतक्या वर्षांत इतकं स्पष्ट कळलेलं नाही.

म्हणूनच तो एक ऑक्टोबर माझ्या डोक्यातून जात नाही. त्या ऑक्टोबरात माझ्या जांभळ्या नळ्यांनी मला तोंडघशी पाडलं.

उत्तनकडे जाताना तारोडीच्या अलीकडे एक वाडी आहे, तिचं नाव नाही सांगत. तिथं कावीळ सुरू झाली. आधी एक घर, मग त्याच्या मागचं, मग चर्चच्या उतारावरचं. रक्त आमच्याकडे आलं आणि त्यात दूषित पाण्यातून पसरणारी कावीळ निघाली. एरवी माणूस या काविळीतून पथ्यपाणी करून उठतो. पोटुशी बाई मात्र या काविळीत हातची जाऊ शकते, आणि पोटातलं मूलही. हे डॉक्टरांना पुस्तकातून माहीत असतं आणि वाडीतल्या बायांना पुस्तकाशिवाय.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी फिलोमिना मावशी मासे घेऊन बसते. ती त्याच वाडीची. पहाटे उत्तनहून बस धरते, भाईंदरला उतरते आणि पाटी घेऊन रिक्षात चढताना रिक्षावाल्याशी एकदा भांडून घेते, म्हणजे दिवस सुरू झाला. बांगड्याचे कल्ले उचलून दाखवण्याची तिची अशी काही ऐट होती की सोनाराने काय दागिना दाखवावा. घासाघीस केलेली तिला खपायची नाही. “नको तर नको घेव, पन माशाला नाव ठेव नको,” म्हणायची. मी गिरगावात वाढलेली, माशांतलं मलाही कळतं असा माझा समज. तो तिने पहिल्याच महिन्यात उतरवला होता.

एका संध्याकाळी मी कामावरून परतत असताना तिने मला हाक मारली. मासे घ्यायला नव्हे, ते तिच्या आवाजावरूनच कळलं.

“बाय, तू त्या पानी तपासायच्या हापिसात हाय ना?”

“हो. का?”

“माजी लविना आलीय वसईवरशी. सातवा लागलाय. पयलं बाळंतपन, आयशीकडं नको?” तिने पाटीवरचं ओलं फडकं नीट केलं, परत केलं. “आनि आमचे वाडीला ही कावील. तिला ठेवू का धाडू? तू सांग.”

मी म्हटलं, पाणी उकळून द्या, जेवण झाकून ठेवा, बाहेरचं खायला देऊ नका. शाळेतल्या फळ्यावर लिहिल्यासारखं सगळं सांगितलं.

“ते मी करतेय. पन पानी चांगलं हाय का वाईट, ते सांग. उकललं तरी पानी तेच ना?”

लेकीला सातव्या महिन्यात सासरी परत पाठवायचं म्हणजे काय, ते मला कळत होतं. पहिलटकरणीला आईने परत लावली, असं वसईत दहा तोंडं दहा वेळा बोलणार. आणि ठेवायची तर विहिरीजवळ ठेवायची. नळ वाडीत होते, पण नळाला पाणी येईल तेव्हा येईल. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी तिची गत. मी तिला म्हटलं, त्या विहिरीच्या पाण्याची बाटली आमच्याकडे आलीय, दोन दिवस थांबा, नक्की सांगते. ‘नक्की’ हा शब्द मी वापरला, आणि अगदी खात्रीने.

दोन दिवसांनी मी उबेच्या कपाटाचं दार उघडलं आणि नळ्या बाहेर काढल्या. जांभळ्या. सगळ्याच्या सगळ्या जांभळ्या, एक बुडबुडा नाही. मी त्या उजेडाकडे धरल्या, हलवल्या, परत धरल्या. आमचे सर, म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख, विदर्भाकडचे. ते माझ्या मागे येऊन उभे राहिले.

“माणसं पिवळी आणि पाणी जांभळं,” ते म्हणाले. “काय प्रकार आहे हो मॅडम हा?”

अहवालावर मी काय लिहिणार? नळ्या सांगतील ते. ‘पिण्यास योग्य.’ दुसरी बाटली मागवली, तीही जांभळीच. तेही लिहिलं, ‘पिण्यास योग्य.’ इकडे रक्ताच्या पेटीत वाडीतल्या नव्या नळ्या येतच होत्या. फिलोमिना मावशीला मी सांगितलं की रिपोर्ट चांगला आहे. तिचा चेहरा एकदम सैल झाला. मी लगेच म्हटलं, “पण उकळूनच द्या.” ती म्हणाली, “चांगलं हाय तर उकलू कशाला?” मी म्हटलं, “तरी उकळा.” मग ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू शिळी मांदेली मी तिला ताजी म्हणून विकतेय.

तसं पाहिलं तर आपण सगळेच असं जगतो. दुधाच्या पिशवीवर तारीख बघतो आणि तरी वास घेतो. मीरा रोडमधल्या प्रत्येक स्वयंपाकघरात भिंतीवर फिल्टर आहे आणि प्रत्येक घरातली एक बाई तरी फिल्टरचं पाणी परत उकळते. शहाबेन उकळून, गाळून, वर तुळशीचं पान टाकतात. कशावर किती विश्वास ठेवायचा याचं माप कुणाकडेच नाही. माझ्याकडे ते असायला हवं, कारण मला त्याचा पगार मिळतो, असं मात्र मला राहून राहून वाटत होतं.

शेवटी सर म्हणाले, जाऊन बघू. वाडीत निरोप गेला आणि आम्ही जीप घेऊन निघालो. मोर्वा गाव मागे पडलं, मिठागरं मागे पडली. पुढे बांबूंवर वाळत घातलेल्या बोंबलांचा वास गाडीत शिरला तेव्हा सरांनी नाकाला रुमाल लावला, आणि मग कुणी पाहिलं तर बरं दिसणार नाही म्हणून काढला.

विहीर पाहून आम्ही दोघंही चकित झालो. कठड्याला ताजा चुना. आजूबाजूला झाडलेलं, सडा घातलेला. नवाकोरा दोर. शेजारच्या क्रुसाला झेंडूची माळ. बाजूला एक बाक आणि त्यावर स्टीलच्या डब्यात गरमागरम फुगे, म्हणजे मैद्याचे तळलेले गोळे, आणि चहा. सरांनी आयुष्यात पहिल्यांदा फुगा खाल्ला आणि त्यांना तो अतोनात आवडला. मी कठड्याजवळ गेले, वाकले आणि तिथेच थबकले. विहिरीतून आमच्या प्रयोगशाळेच्या मोरीसारखा वास येत होता. जंतुनाशक पावडरीचा. नाकात झणझणेल इतका.

“पावडर कधी टाकली?” मी विचारलं.

फिलोमिना मावशी त्या दिवशी धंद्यावर गेली नव्हती, खास आमच्यासाठी घरी राहिली होती. ती अभिमानाने पुढे आली. “सकाळीच. चांगली दोन टोपल्या टाकली.”

“आणि आधी? बाटली भरायला माणूस आला होता तेव्हा?”

“तवा पन टाकलेली. त्याचा फोन येतो ना आदल्या दिशी. मंग पोरं आत उतरतात, खालचा चिखल-गाल काढतात, पावडर टाकतात.” माझा चेहरा बघून ती गोंधळली. “असं काय बघते? पाहुनं येनार नि विहीर काय घानेरडी दाखवायची? आमची वाडी तशी न्हाय बाय.”

मला हसू आलं आणि त्याच वेळी कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. सर तोंडात फुगा तसाच धरून उभे. या लोकांनी काही लपवलं नव्हतं. आम्हाला मान दिला होता. आपल्या घरी पाहुणे यायचे म्हटलं की आपण संडासात फिनेल ओततोच. मी तर दोनदा ओतते. त्यांनी आख्ख्या विहिरीला तेच केलं होतं, आणि आम्ही त्या पाहुणचाराची बाटली भरून नेली, दोन दिवस उबेत ठेवली आणि तिच्यावर सही केली. पावडरीचा परिणाम चार दिवस टिकायचा, मग विहीर परत पूर्वीसारखी, पुढचा फोन येईपर्यंत.

मी रागावणार होते. कुणावर रागवायचं ते ठरेना. म्हणून मीही एक फुगा खाल्ला.

पुढच्या वेळी कुणाला न सांगता माणूस गेला. ती बाटली आली आणि नळ्या एका रात्रीत पिवळ्या झाल्या, हळदीसारख्या पिवळ्या, प्रत्येकीत टपोरा बुडबुडा. आणि खरं सांगते, मला आनंद झाला. मी सरांना हाक मारून दाखवल्या. एवढ्या लोकांची विहीर घाण निघाली होती आणि मी परीक्षेत पहिली आल्यासारखी हसत होते. नंतर जेवायला बसले तेव्हा घास तोंडात फिरायला लागला. हा आनंद कसला, ते मला अजून नीट सांगता येत नाही. कदाचित जगाचं गणित परत जुळलं याचा असेल. पण ते जुळलंही नाही. विहीर बंद झाली, वरच्या अंगाला संडासाचा झिरपणारा शोषखड्डा सापडला, टँकर सुरू झाले, कावीळ ओसरली. आणि तरी त्याच महिन्यात मीरा रोडच्या एका टॉवरमधल्या एका बाईच्या रक्तात तीच कावीळ निघाली. त्या बाईने कधी उत्तन पाहिलेलं नव्हतं. तिला ती कावीळ कुठून आली, आम्ही खूप विचारलं, शोधलं. कळलं नाही. त्या एका बाईचा धागा तसाच लोंबकळत राहिला.

या सगळ्या गडबडीत लविनाचं रक्त आमच्या टेबलावर आलं.

वाडीतल्या पोटुशा बायांचं रक्त आधी तपासायचं असं ठरलं होतं. लविनाला ताप नव्हता, डोळे पांढरे स्वच्छ होते, मध्ये एकदा उलटी झालेली, पण ती सातव्या महिन्यात कुणाला होत नाही? रक्ताची तपासणी पाण्यासारखी नसते. छोट्या छोट्या खाचांची एक पांढरी थाळी असते, खाचेत रंग चढतो आणि यंत्र त्या रंगाला एक आकडा देतं. एक रेषा ठरलेली. आकडा रेषेच्या वर गेला तर आजार आहे, खाली राहिला तर नाही. आणि रेषेला अगदी चिकटून थोडी जागा असते. तिथे आकडा पडला की काहीच म्हणता येत नाही. लविनाचा आकडा तिथे पडला.

मी परत लावला. थोडा वर. तिसऱ्यांदा लावला. थोडा खाली. लहानपणी चाळीच्या अंगणात आम्ही तळ्यात-मळ्यात खेळायचो, तसं ते रक्त माझ्याशी खेळत होतं. फक्त इथे चुकलेला गडी बाद होऊन कट्ट्यावर बसत नाही.

सर म्हणाले, “थांबायचं. आठवड्याने नवं रक्त घ्यायचं. असेल तर वर चढेल, नसेल तर उतरेल. तोवर दवाखान्यातल्या डॉक्टर बाई तिच्यावर लक्ष ठेवतील.” शास्त्र म्हणून ते बरोबरच होतं. पण तो आठवडा मला गल्लीच्या तोंडावरून रोज दोनदा जायचं होतं.

मी फिलोमिना मावशीला खरं ते सांगितलं. म्हटलं, आहे असंही नाही आणि नाही असंही नाही.

“म्हंजे?”

“म्हणजे अजून कळत नाही.”

“येवढी मशिनी हाय तुमची, नि कलत न्हाय?” ती चिडली नव्हती. तिला ते खरंच समजत नव्हतं. मासा ताजा असतो नाहीतर शिळा असतो. “बाय, मना सांग, मी पोरीसाठी घाबरू का नको घाबरू?”

असा प्रश्न मला कुठल्याही साहेबाने, कुठल्याही मीटिंगमध्ये विचारलेला नाही. मी म्हटलं, काळजी घ्या, घाबरू नका. किती सोपं वाक्य! आम्ही ते पत्रकांवर छापतो, भिंतींवर चिकटवतो. आपल्या माणसाची काळजी घ्यायची आणि घाबरायचं नाही, हे एकाच वेळी कसं करतात, ते त्या पत्रकात कुठे लिहिलेलं नसतं. मला करता आलेलं नाही. माझा मुलगा परीक्षेला जातो तेव्हाही नाही.

त्या आठवड्यात ती पाटीशी असायची, पण तिचं लक्ष नसायचं. लोकांना नको असलेले मासे जास्तीचे टाकायची, हवे ते द्यायला विसरायची. रिक्षावाल्याशी भांडण बंद झालं होतं. मी दिसले की ती काही विचारायची नाही, नुसती हनुवटी वर उचलायची. मी मान हलवायची. एवढंच आमचं बोलणं. मान हलवताना ती ‘अजून नाही’ म्हणून हलली की ‘काही नाही’ म्हणून, ते तरी तिला कसं कळत असेल, असं मला वाटायचं आणि मी थांबून तोंडाने सांगायची, “अजून यायचंय.”

दुसरं रक्त घ्यायला मी स्वतःच गेले. लविना ओटीवर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसली होती. गोल चेहऱ्याची, गोड मुलगी. केस तेलाविना पिंजारलेले, नुसते वर बांधलेले. तिच्या बाजूला वेगळं ताट, वेगळा पेला, वेगळी बादली. मी दंडाला पट्टा बांधला तशी ती हळूच म्हणाली, “आंटी, मला काय होणार असेल ते होऊ दे. पण मम्मी मला हातच नाय लावत. आठवडा झाला. ताट पण लांबून सरकवते. मी इथे आली कशाला मग? सासरी काय वाईट होतं?” आणि तिचे डोळे भरून आले. सुई टोचल्यामुळे ते भरले असं मी समजावं म्हणून तिने दंडाकडे बघितलं.

मी तिला सांगितलं की ही कावीळ शिवून होत नाही, केस विंचरून होत नाही. आईलाही सांगितलं होतं मी हे, एकदा सोडून चारदा. मग ही असं का वागते? मला तिचा रागच आला. परतताना गल्लीच्या तोंडाशी मी थेट विचारलं, “मावशी, पोरीला भिता तुम्ही?”

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. पाटीतल्या बर्फात हात घालून ती बोंबील सारखे करत राहिली.

“तिला कोन भितो? मी माजे हातांना भिते,” ती म्हणाली. “विहिरीचं पानी याच हातांनी काढलं ना? तुजा चांगला रिपोर्ट आला तवा चार दिस न उकलता पाजलं. ते बी याच हातांनी. आता या हातांनी तिला अजून काय दिलं म्हंजे? तुमाला कलत न्हाय, तर मना काय कलनार?”

मी तिथे उभी राहिले. शेजारून रिक्षा वाजत होत्या, कुणीतरी मला बाजूला व्हायला सांगत होतं. माझं काहीतरी म्हणणं होतं. नळ्या जांभळ्या होत्या, मी लिहिलं ते नळ्यांप्रमाणे बरोबर होतं, तरी उकळा म्हणून मी सांगितलं होतं. हे सगळं खरं होतं आणि त्यातलं एकही तिच्या समोर ठेवण्यासारखं नव्हतं.

आता या दिवसांत, गॅलरीत कपडे दमट-कडक होत असताना, मी कधी कधी तो आठवडा मनात परत चालून बघते. आमच्याकडे आता नवी यंत्रं आलीत, तरुण पोरी आल्यात. माझ्याहून हुशार आहेत, आकडे पटापट वाचतात. त्यांतली एक परवा मला म्हणाली, “मॅडम, बॉर्डरलाइन आलंय, रिपीट टाकते,” आणि गाणं गुणगुणत गेली. तिचं काही चुकलं नाही. असंच करायचं असतं. मी तिच्या पाठमोऱ्या वेणीकडे बघत राहिले आणि ती नळी कुणाची, कुठली, हे तिला विचारावं का, ते मला ठरवता येईना. विचारून काय करणार? न विचारून तरी काय करणार?

तर दुसऱ्या रक्ताचा निकाल. दुपारी यंत्राने आकडा दिला. रेषेच्या खाली, चांगला लांब खाली. मी परत लावला, सरांनी स्वतः उभं राहून लावून घेतला. खालीच. सर म्हणाले, “नाही आहे हो मॅडम. डॉक्टर बाईंना मी फोन करतो. आईला तुम्ही सांगा, तुमच्या वाटेवरच आहे.” मी हातमोजे काढले तर आतून हात भिजलेले.

गल्लीच्या तोंडाशी संध्याकाळची गर्दी होती. फिलोमिना मावशीची पाटी भरलेली, बोंबील, मांदेली, थोडी कोलंबी. तिने हनुवटी उचलली.

“न्हाय,” मी म्हणाले. तिचाच शब्द तोंडातून निघाला. “लविनाला काही न्हाय, मावशी.”

“पक्कं?”

“पक्कं.”

“मंग त्या दिशी काय व्हतं?”

“माहीत नाही. कधी कधी रक्तात दुसरंच काहीतरी असतं, त्याला यंत्र फसतं. खरंच माहीत नाही मला.”

मला वाटलं, आता ती मला आणि माझ्या मशिनींना चांगल्या शिव्या देणार. द्यायला हव्या होत्या. तिने आपले दोन्ही हात पुढे धरले, उलटे-सुलटे करून पाहिले. मग विचारलं, “साबन हाय तुज्याकडं?” आमच्या धंद्यातल्या बायांच्या पर्समध्ये लिपस्टिक नसेल, साबण असतो. माशांवर शिंपडायच्या बाटलीतलं पाणी मी तिच्या हातांवर ओतत राहिले आणि तिने कोपरापर्यंत हात धुतले, नखं घासली, बोटांच्या बेचक्या घासल्या, परत धुतले. लोक वळसा घालून जात होते. पदराला हात पुसून ती उठली.

“पाटी बघ,” म्हणाली आणि निघाली.

कोळीण पाटी सोडून जात नाही. मरणाची घाई असली तरी शेजारणीला सांगून, फडकं टाकून, दहादा मागे बघून जाते. ही सरळ रस्त्यात गेली, हात दाखवून रिक्षा थांबवली, एकटीच चढली. मी ओरडले, “अहो मावशी, भाव काय लावू?” तिला ऐकूही गेलं नाही.

मी तिच्या पाटावर बसले. ऑफिसची साडी, गळ्यात ओळखपत्र. शहाबेनचा मुलगा समोरून गेला आणि दोन पावलं जाऊन परत वळून बघून गेला. एक बाई वाकून म्हणाली, “बोंबील कैसे दिये?” मी म्हटलं, जो देना है दो. तिला संशय आला. “ताजा तो है ना? पक्का?”

“पक्का,” मी म्हणाले. न तपासता, न उबेत ठेवता. आणि मला एकदम रडू फुटलं. ती बाई घाबरून म्हणाली, “अरे दीदी, रो क्यों रही हो, मैं ले रही हूँ ना.”

दिवे लागले. बर्फ वितळून पाणी माझ्या चपलांखालून वाहायला लागलं. घरी स्वयंपाक व्हायचा होता, मुलाचे दोन फोन येऊन गेले होते. भाईंदरकडून रिक्षा येतात तिकडे तोंड करून मी मावशीची वाट बघत होते, आणि लेकीपासून उठून ती आज परत येऊच नये, असंही मनापासून वाटत होतं.